सहा इंची पाइप

गुरुवारी दुपारी पावणेचारला विद्यापीठातून शिपायाचा फोन आला, तेव्हा फिटर मोरीत आडवा पडून बेसिनखालची गळती काढत होता. "काका, बाई तास संपवून खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत," शिपाई म्हणाला आणि फोनवरच रडायला लागला. फिटरलाच त्याला धीर द्यावा लागला. तो दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चौतीस वर्षांचा संसार, आणि बायको निरोपाचा एक शब्द न बोलता गेली.

विद्यापीठात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. परके साहेब देश सोडून गेल्यावर इथे काय बदललं आणि काय नुसता रंग देऊन तसंच ठेवलं, यावर ती दर गुरुवारी चर्चासत्र घ्यायची. तिथे तिचा एक कडक नियम होता. आपला लेख आपण वाचायचा नाही. दुसऱ्यानं वाचायचा, तोही एक शब्द इकडचा तिकडे न करता. लिहिणाऱ्यानं कोपऱ्यात गप्प बसायचं आणि सगळ्यांचं बोलून झालं की मग तोंड उघडायचं. पुढच्या गुरुवारी तिच्याच लेखाची पाळी होती.

चार दिवसांनी विभागप्रमुख घरी आले. विद्यार्थी त्यांना मागून 'पुरावा' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं त्या शब्दावर येऊन थांबे.

"गुरुवारी शोकसभा ठेवू," ते म्हणाले. "लेख राहू दे. शेवटचा भाग लिहिलेला नाही. चर्चासत्रात टिकला नाही तर विभागाच्या पुस्तकात घेता येणार नाही, आणि बाईंचं उगाच हसं नको."

"म्हणजे शोकसभा झाली की लेख बाद?"

"तसं म्हणा."

"मग लेखच वाचू. मी वाचतो. तिचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागायचं नाही. चौतीस वर्षं किराणाच्या चिठ्ठ्या वाचल्यात मी."

त्यानं लेख आधी पाहिला नव्हता. लग्नानंतर पहिल्याच भांडणात दोघांचं ठरलं होतं, घरात त्याचे पाइप नकोत आणि तिचं चर्चासत्रही नको. तो करार दोघांनी इमानानं पाळला होता.

गुरुवारी खोलीत वीसेक माणसं होती. फिटर खणखणीत आवाजात वाचायला लागला आणि दुसऱ्याच पानावर त्याच्या लक्षात आलं की लेख त्याच्याच शहराच्या पाण्यावर आहे. साहेबांच्या काळात बंगल्यांना दिवसभर पाणी आणि कामगारवस्तीला एक तास. साहेब गेले, तरी पुढे कित्येक वर्षं एकच तास. का? बाईंनी उत्तर दिलं होतं, वस्तीकडे जाणारा पाइप तीनच इंची होता आणि नव्या सरकारनं तो बदलला नाही. पाणीखात्याच्या दप्तरातल्या नकाशावर तसंच होतं.

हे चूक आहे हे फिटरला ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत जसंच्या तसं वाचलं. मग पुराव्यांनी दोन शंका काढल्या. भरभर बोलते म्हणून बाई जिला 'घाईबाई' म्हणायच्या, त्या विद्यार्थिनीनं बाईंची बाजू घेतली. सगळ्यांचं बोलून झालं.

"आता लिहिणारीची पाळी," फिटर म्हणाला. "ती नाही, म्हणून मी बोलतो. पाइपाचं चूक आहे. तो सहा इंची होता. मी पाणीखात्यात लागलो त्याच वर्षी जुना काढून आम्ही टाकला. नकाशावर चढवायचं कुणाला सुचलं नाही. आम्हाला नकाशा लागायचा नाही, रस्ते पाठ होते."

"मग बाईंचा मुद्दाच गेला," पुरावा म्हणाले.

"गेला कसा? पाइप बारीक असता तर निदान सबब होती. पाइप चांगला जाड होता. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला एकोणीस फेरे लागायचे, आम्ही उघडायचो चार फेरे, तेही एक तास. अकरा वर्षं मीही फिरवला."



"काका, तुम्ही कधी विचारलं नाहीत?" घाईबाईनं हळू विचारलं.

"एकदा विचारलं. मुकादम म्हणाला, आधीपासून असंच आहे. मी परत विचारलं नाही. तो दोष माझ्याकडे लागतो. तिनं मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण घरात पाइपांचा विषय काढायचा नव्हता ना."

पुराव्यांनी चष्मा पुसला. "हे तोंडी झालं. लेखी काही?"

"आम्ही चौघं पाळीपाळीनं तो फिरवायचो. फेरे लिहायला प्रत्येकाकडे वही असायची. माझी रद्दीत गेली. बाकीच्यांच्या शोधतो."

"पुस्तक दोन महिन्यांनी छापायला जाईल. तोवर लेख ठेवतो. चूक दुरुस्त करून शेवटचा भाग तुम्ही लिहायचा."

"लिहितो," फिटर म्हणाला. त्यात त्याला अवघड काही वाटलं नाही. जे हातानं केलं ते सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घाईबाईला बरोबर घेऊन तो हिंडू लागला. एका फिटरची वही त्याच्या सुनेनं माळ्यावरून काढून दिली. पानोपानी चार फेरे, चार फेरे. दुसऱ्यानं दारातूनच सांगितलं, "झालं गेलं उकरू नकोस." वही द्यायला तो अजून तयार झालेला नाही. तिसऱ्याचा पत्ता सापडत नाही. चारच फेऱ्यांचा पहिला हुकूम कुणी दिला ते कळलेलं नाही, आणि शेवटचा भाग लिहायचा राहिला आहे.