मुदपाकखान्यातली पोकळ फरशी

बेटावरच्या त्या पडक्या किल्ल्यात मी छत्तीस वर्षं गाईड होतो, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या तोंडून जे काही खरं बाहेर पडलं ते एका शिंकेत मावेल. यात माझा दोष कमी. टेकडीच्या डोक्यावर उरलंय काय? दीड भिंत, एक कमान, बिनछपराचा मुदपाकखाना आणि वारा. लोक बोटीत ओकत येतात, पायऱ्या चढून घामाघूम होतात आणि वर पोचल्यावर विचारतात, "एवढंच?" त्या 'एवढंच'चं काय करायचं ते गाईडनं बघायचं.

आमच्यात प्रत्येक गाईडचा पायऱ्यांचा आकडा वेगळा असतो आणि तो मरेपर्यंत बदलत नाही. माझा तीनशे बारा. मोजल्या कधीच नाहीत. पहिल्या दिवशी तोंडाला आला तो आकडा. माझ्या जागी लेक गाईड झाली तेव्हा तिनंही तोच धरला. बापाचा म्हणून.

तर एकदा एका बाईंनी माझ्या तोंडावर भलीमोठी जांभई दिली. मला झोंबलं. म्हणालो, "बाईसाहेब, तुम्ही उभ्या आहात त्या फरशीखाली चोरजिना आहे. थेट समुद्रापर्यंत. वेढा पडला तेव्हा राणी इथूनच निसटली." जांभई अर्ध्यात थांबली. आता गोष्टीला पुरावा हवा. पुढच्याच आठवड्यात पहारीनं ती फरशी उचकटली, खाली खड्डा केला, त्यात आमच्या आईचा माठ पालथा घातला आणि फरशी होती तशी बसवली. टाच आपटली की असा घुमायचा आवाज, की भली भली माणसं दोन पावलं मागं सरायची. माठ नेल्याचा आळ काकूवर आला. दोघी जावा पुढं अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी दोन्हीकडं जेवत होतो.

लेक हीच गोष्ट ऐकत वाढली. इतकी, की तिनं स्वतःच्या सहीनं खोदकाम खात्याला अर्ज केला: खाली जिना आहे, उघडून बघा. मला पत्ता नाही. एका सकाळी शेजारी म्हणाला, "आज फरशी उचलतायत म्हणे," आणि माझा चहा कपातच राहिला.

बोट सुटायला वीस मिनिटं होती. ती मी धक्क्यावर उभ्यानं, बसून आणि परत उभ्यानं काढली. बोटीत नावाड्याला तीनदा म्हणालो, "जरा दामटव की!"

"आजोबा, किल्ला पळून जात नाही. घाईच असेल तर उतरा आणि मागून ढकला."

माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. अख्ख्या खात्यासमोर माझी पोर तोंडावर पडतेय आणि ढकलणारा मी. पायऱ्या कशा चढलो ते गुडघ्यालाच ठाऊक.

वर फरशीभोवती दोरी बांधली होती. खात्याच्या मॅडम गुडघे टेकून ब्रशनं माती झाडत होत्या. बाकीचे गाईड तमाशा बघायला जमलेले. मी धापा टाकत ओरडलो, "थांबा! खाली जिनाबिना काही नाही. माठ आहे. मीच पुरलाय!"

 मग एक गाईड खो खो हसत म्हणाला, "काका, आधीची थाप बरी होती हो!"

"आजोबा, सावलीत बसा," मॅडम म्हणाल्या.

"बाबा, आजचा दिवस तरी नको," लेक म्हणाली. "हात जोडते."

इतक्या वर्षांत एकदा खरं बोललो, तर हे!

फरशी उचलली. माठ निघाला. मॅडमचे डोळे लकाकले. "अखंड आहे!" माठ किती शतकं जुना असेल ते त्या सांगायला लागल्या. लेकीनं वाकून बुडाकडं पाहिलं. तिथं खिळ्यानं कोरलेल्या तीन रेघा आणि एक टिंब. आमच्या घरातल्या प्रत्येक पातेल्यावर, झाऱ्यावर, परातीवर तीच खूण आहे.

"मॅडम, हा माझ्या आजीचा माठ आहे," ती अगदी हळू म्हणाली. माझ्याकडं न बघता ती पायऱ्या उतरायला लागली. परतीच्या बोटीत ती पुढच्या टोकाला, मी मागच्या.

आठ दिवस घरात शब्द नाही. ताट आदळल्याच्या आवाजावरून कळायचं, जेवण झालंय. मी खिडकीतून दारापर्यंत आणि दारातून खिडकीपर्यंत चालायचो. नवव्या दिवशी नावाडी धक्क्यावर भेटला. "तुमची लेक हल्ली लोकांना तीनशे नऊ सांगते."

"तीनशे नऊ?"

"मोजल्या म्हणे. एकेक करून."

ताटांचं काही वाटलं नव्हतं. हे मात्र जिव्हारी लागलं. बापाचा आकडा टाकला पोरीनं! तडक बोटीत बसलो. एकेक पायरी मोठ्यानं मोजत चढलो. एकशे चाळीसला कुणीतरी "वाजले किती?" म्हणून विचारलं आणि घोटाळा झाला. खाली उतरून पहिल्यापासून सुरुवात केली.

वर कमानीत ती दहाबारा जणांना घेऊन उभी होती. मला बघून थांबली.

"किती भरल्या?"

नऊ दिवसांतला पहिला शब्द. सगळे माझ्याकडं बघत होते. तीनशे बारा जिभेवर नाचत होता.

"तीनशे नऊ," मी म्हणालो. "तुझंच बरोबर."

तिनं मान हलवली आणि लोकांकडं वळली. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मागच्या टोपीवाल्या गृहस्थानं जांभई द्यायला तोंड उघडलं.

"म्हणजे आता तीनशे नऊ," मी घाईनं म्हणालो. "पूर्वी तीनशे बाराच होत्या. वरच्या तीन राणीनं जाताना सोबत नेल्या."

जांभई मिटली. "पायऱ्या नेल्या? कशाला?"

मी लेकीकडं पाहिलं. तिनं ओठ घट्ट आवळले होते, पण नाकपुड्या फुगल्या होत्या. लहानपणी हसू दाबायची तेव्हा अश्शाच फुगायच्या.

"पुढच्या किल्ल्याला कमी पडत होत्या," ती म्हणाली. "चला, मुदपाकखाना दाखवते. बाबा, तुम्हीही चला. त्या खड्ड्याशी माठाची गोष्ट तुम्हीच सांगायची."