दिव्याला हात लावायचा नाही

तिला सगळे सुधारणाबाई म्हणत. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण कपाटांच्या त्या कारखान्यात ते कुणाला आठवत नसे. कामच तसं होतं तिचं. दर सोमवारी चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा करायचं, कुणाचं कुठं अडतंय ते विचारायचं, आणि त्यातली एकच अडचण धरून एकच छोटासा बदल करायचा. आठवडाभर करून बघायचा. जमला तर ठेवायचा, नाही तर मुकाट्यानं मागं घ्यायचा. "एका आठवड्यात एकच," हे तिचं पालुपद. सुरुवातीला लोकांनी भरपूर टिंगल केली. पण स्क्रूचे डबे मागच्या खोलीतून निघून ज्याच्या त्याच्या हाताशी आले, दिवसभराची उठबस वाचली, तेव्हा टिंगल करणारेच सोमवारची वाट बघू लागले.

आता मात्र अडचण मोठी होती. फळ्या चुकीच्या मापाच्या कापल्या जात होत्या. लांब राहिलेली फळी पुन्हा कापता येते हो, आखूड झालेलीला कोण ओढून वाढवणार? आणि करवतीवरचे मिस्त्री म्हणजे तिचे सख्खे वडील.

मालक वाईट नव्हते, पण वाया गेलेलं लाकूड बघितलं की त्यांचं डोकं फिरायचं. "हा महिना बघतो," ते तिला म्हणाले. "नाही जमलं तर फळ्या बाहेरून कापून आणू. मिस्त्रींचं वय झालंय. बसू देत आता घरी."

घरी! आई गेल्यापासून त्या घरात होतं काय? दोन खोल्या आणि बापलेकीतला अबोला. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून काम करता करता बोलत राहायची, आणि बाबा खिडकीकडं तोंड करून खुर्चीत. "चहा करू की कॉफी?" विचारलं तर म्हणायचे, "हो." आता 'हो' म्हणजे काय? कधी कधी तर तेवढंही नाही. आईबरोबर यांचं बोलणंही गेलं, आपण काही यांच्या लेखी नाहीच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मग ती भांडी आपटायची आणि चहाच करून पुढ्यात ठेवायची. करवत होती म्हणून तो माणूस रोज सकाळी उठून दाढी तरी करत होता. तीही गेली तर तो खिडकीपाशीच संपेल, ही तिला धास्ती होती.

सोमवारी तिनं विषय काढला. "या फळ्यांचं नेमकं घोडं कुठं पेंड खातंय?"

पॉलिश करणाऱ्या काकू या बैठकीत कायम मिठाची गुळणी धरून बसायच्या. त्या दिवशी त्याच पहिल्या बोलल्या. "मापं ओरडून सांगू नका. फळीवर खडूनं लिहून द्या."

मापं ओरडून सांगणाऱ्या जोडणीवाल्याला त्याच्या आवाजामुळं सगळे भोंगा म्हणत. त्याच्या तोंडचा घासच काढून घेतला म्हणायचा! पण तो म्हणाला, "बरोबर आहे. माझा घसा तरी वाचेल."

पुढच्या सोमवारी भोंग्यानंच सुचवलं, "हाका नकोत, घंटी नको. करवतीच्या समोर लाल दिवा लावू. मिस्त्रींकडं काम असलं की दाराशी बटण दाबायचं." त्याच्या पुढच्या आठवड्यात काकू म्हणाल्या की करवतीचं टेबल फिरवून दाराकडं तोंड करा, उजेड बरा पडेल. ते अवजड धूड सगळ्यांनी मिळून, एकमेकांना शिव्या घालत फिरवलं.

आणि काय सांगू, फळ्या सुतासारख्या सरळ येऊ लागल्या! एक चुकेल तर शपथ. मालक शीळ घालत हिंडायला लागले. मिस्त्री राहिले. सुधारणाबाईचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण गप्प बसेल तर ती सुधारणाबाई कसली! सोमवारी चहाला ती म्हणाली, "यातल्या कुठल्या बदलानं गुण आला ते कळायला हवं. एकेक काढून बघू. उद्या दिवा बंद ठेवू."

भोंगा, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाला, "दिव्याला हात लावायचा नाही."

"अरे, पण का?"

कुणी तिच्याकडं बघेना. तिला रागच आला. ही काय मनमानी? ज्याचा दिवा त्यालाच विचारू, म्हणून ती तरातरा करवतीकडं गेली. चहाची सुट्टी अजून संपायची होती, यंत्रं बंद होती. बाबा नेहमीसारखे बैठकीला न येता, खाली वाकून पात्यावरचा भुसा झटकत होते.

"बाबा."

ते झटकतच राहिले. तिनं पुन्हा हाक मारली, मग आणखी मोठ्यानं. भिंतीवरून तिचा आवाज परत आला, पण बाबांची मान हलली नाही.

मागून काकू आल्या आणि त्यांनी दाराशी बटण दाबलं. लाल दिवा लागला. बाबांनी वर बघितलं, आणि लेकीला बघून हसले.

चहा की कॉफी, हो. आपटलेली भांडी. वर्षभराचा तो अबोला.

"शपथ घातली होती गं त्यांनी," काकू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "म्हणाले, पोरीला कळलं तर मला घरी बसवील. काय करणार? तूच म्हणतेस, छोटं काहीतरी सुचवा. आम्ही सुचवत गेलो."

ती तशीच मालकांच्या खोलीत गेली आणि काय ते खरं सांगून मोकळी झाली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं बाबांची खुर्ची उचलली, खिडकीकडून फिरवली आणि ओट्याकडं तोंड करून ठेवली. बाबांनी खुर्चीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"दिव्यानं," ती समोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाली. "मालकांशी बोललेय मी. ते म्हणाले, फळ्या बरोबर येतायत ना? मग दिवा राहू दे, मिस्त्रीही राहू देत. पण उद्या कानाच्या डॉक्टरांकडं जायचं."

"उद्या नाही," बाबा खुर्चीत टेकले. "या आठवड्यात खुर्ची झाली. एका आठवड्यात एकच. नियम तुझाच आहे."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी लहानपणी पुसायचे तसे तिचे डोळे पुसले. त्यांच्या हाताला लाकडाचा वास येत होता. मग ती उठली, ओट्यापाशी गेली, आणि तिथून वळून त्यांच्याकडं तोंड करून तिनं विचारलं, "चहा करू की कॉफी?"

"कॉफी," बाबा म्हणाले. "वर्ष झालं, चहाच पाजतेयस."