नऊनंतरचा फोन

आनेग्रेटला कॅनडात येऊन तीस वर्षं झाली, पण तिचे कान काही विमानातून उतरलेच नाहीत. वॉटर्लूतल्या तिच्या स्वयंपाकघरात सकाळपासून गावाकडचा जर्मन रेडिओ सुरू. कुठल्या रस्त्याचं काम रखडलं, कुठल्या पक्षाने कुणाशी सोयरीक केली, कुठल्या खोऱ्यात गारा पडल्या, सगळं बाईंना तोंडपाठ. शेजारच्या गल्लीत नवा दवाखाना निघाला, त्याचा मात्र पत्ता नाही. नवरा रॉस म्हणायचा, "अगं, इथला पंतप्रधान कोण, ते तरी माहीत आहे का तुला?"

तिचे वडील ह्युबर्ट, वय चौऱ्याऐंशी, तिकडे आयफेलच्या डोंगरात एकटेच राहायचे. गुडघे गेल्यापासून ते खालच्या, ओढ्याकडच्या खोलीत झोपत. ही इथून त्यांना त्यांच्याच गावचं हवामान कळवायची आणि म्हातारा वैतागायचा. "मला खिडकीतून दिसतंय ते तू समुद्रापलीकडून सांगतेस? कमाल आहे बाई तुझी!"

गेल्या हिवाळ्यात तर हद्द झाली. वादळाचा इशारा ऐकून तिने त्यांना रात्री झोपेतून उठवलं. बिचारे कोट चढवून अंगणात उभे राहिले आणि छपराचं एक कौलसुद्धा हललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला फैलावर घेतलं. "पोरी, आपल्या गावात नऊनंतर फोन वाजतो तो कुणी गेल्यावरच. अंधारात भिंत धरत धरत रिसीव्हरपर्यंत गेलो. तू गेलीस असं वाटलं मला. पुन्हा असं करायचं नाही. शब्द दे." तिने शब्द दिला.

जुलैतली एक दुपार. तिकडे दोन दिवस धो धो पाऊस चालला होता. आनेग्रेट बटाटे किसत होती. रेडिओवर बातम्या लागल्या: वरच्या अंगाच्या गावात ओढा रस्त्यावर आलाय, गाड्या वाहून चालल्यात, लोकांनी वरच्या मजल्यावर जावं. तिचा हात किसणीवरच थांबला. ते गाव तिच्या माहेराहून चालत जाण्याइतकं जवळ.

"कर की फोन!" रॉस म्हणाला.

"रात्रीचे साडेनऊ वाजलेत तिकडे."

"मग?"

"मग काय मग! शब्द दिलाय मी."

"शब्द काय चाटायचाय?"

"आणि परत काहीच नाही झालं तर? पपा पुन्हा माझा फोनच उचलणार नाही, रॉस. ओळखते मी त्याला. पुढच्या बातम्या ऐकते, मग बघू."

अशा वेळी माणसाला गदागदा हलवावंसं वाटतं! पण रॉस पडला बाहेरचा. नऊनंतरची ती भीती त्याला काय कळणार? रेडिओवर गाणी लागली. आनेग्रेट ओल्या हातांनी टेबलाची कड धरून बसली. अर्ध्या तासाने बातम्या लागल्या आणि त्यात आधीच्या गावाच्या खालच्या गावाचं नाव आलं. आता पुढचं गाव वडिलांचंच.

तिने फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तर आता वाजेनासुद्धा.

मग तिने वडिलांच्या घरासमोर राहणाऱ्या फ्राउ केसेनिशना फोन केला. सत्तरीची बाई, एकटी, सोबतीला एक कुत्रा. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"अजून कुणी नाही. मी आनेग्रेट. पपाला उठवा, वर माळ्यावर चढवा. ओढा येतोय!"

"अहो, पण त्यांचा दिवा मालवलाय. झोपलेल्या माणसाची घंटा कशी वाजवू? चाळीस वर्षांत कधी असं..."

"घंटा नको, दार फोडा! जा तुम्ही!"

"अंगणात पाणी दिसतंय जरासं. बूट घालते हं."

"बूट राहू देत! पळा!"

रिसीव्हर तसाच टेबलावर पडला. दार उघडल्याचा आवाज आला, पावसाचा आला, कुत्र्याचा आला. मग लाइनच गेली.

ती रात्र कशी गेली, ते विचारू नका. बेपत्ता माणसांचे आकडे वाढत होते. रेडिओ उचलून आपटावा असं तिला वाटत होतं, आणि बंद करायची तर हिंमतच होत नव्हती.

सकाळी फोन आला.

"पपा!"

"ओरडू नकोस, बहिरा नाही झालोय अजून." ह्युबर्ट टेकडीवरच्या शाळेत होते, अंगात दुसऱ्याच कुणाची पँट, हातात दुसऱ्याच कुणाचा मोबाइल. "माझी खोली छतापर्यंत भरली गं. ती बाई खिडकी बडवत होती आणि मी तिला शिव्या घालत होतो. फोन केलास ते फार बरं केलंस."

असं ते जन्मात कधी बोलले नव्हते. आनेग्रेट हमसून हमसून रडली. मग तिने विचारलं, "आणि फ्राउ केसेनिश?"





"मला जिन्यावर ढकललंन् तिने. मी म्हटलं, तूही ये वर. तर म्हणे, कुत्रा बांधलेला आहे, सोडते आणि आलेच. ती आलीच नाही. तिचं घर उभं आहे गं. वरचा मजला कोरडा ठणठणीत. झोपून राहिली असती, तर..."

फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. कोलोनहून उटे, फ्राउ केसेनिशची मुलगी.

"आनेग्रेटताई, तुम्ही सारखा रेडिओ ऐकता असं आई सांगायची. तिचं नाव आलं का हो कुठे? इथून रस्ते बंद, आईचा फोन बंद, काही म्हणजे काही कळत नाही. पण आई वरच झोपते, रात्री पाऊल बाहेर टाकत नाही. सुखरूपच असेल ना?"

रॉस मान हलवून खुणावत होता: सांगू नकोस, आत्ता नको. माहीत नाही, एवढंच म्हणून सुटता आलं असतं.

"उटे, तुझी आई बाहेर पडली होती. मी पाठवलं तिला. पपासाठी."

मग उटेने हळूच विचारलं, "तेव्हा पाणी होतं अंगणात?"

"होतं," आनेग्रेट म्हणाली. "मला कळलं, तेव्हा नव्हतं. मी अर्धा तास थांबले."