च्यवनप्राशातल्या गोळ्या

सुनीतीच्या नवऱ्याला, दीनानाथला, इंग्रजी औषधांचं वावडं. म्हणे, ती औषधं उष्ण पडतात! विमा विकायला गावोगाव हिंडताना त्याने जे उद्योग केले ते मात्र उष्ण पडले नाहीत. त्यातून परमा हा गुप्तरोग घरी आणला आणि बायकोलाही दिला.

सरकारी दवाखान्याच्या गुप्तरोग विभागात डॉक्टर आबेदांनी तिला गोळ्या दिल्या आणि बजावलं, "नवऱ्यालाही आणा. ते बरे होत नाहीत तोवर तुम्हाला पुन्हा लागण होणार." नवरा कसला येतो! सदाशिव पेठेतला इभ्रतदार माणूस तो. "तुझं तू निस्तर," म्हणत त्याने पेपर उघडला. मोरीत गेला की मात्र त्याचं कण्हणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

मग सुनीतीने स्वतःच्या गोळ्या खलात कुटल्या आणि रोज सकाळी त्याच्या च्यवनप्राशात कालवल्या. तो चमचा त्याने जन्मात चुकवला नव्हता. आधी आईच्या हातून घेई, आता बायकोच्या. आधी यांचं जाऊ दे, मग आपलं बघू, असं तिने ठरवलं. त्या घरात ती जेवतही त्याच क्रमाने होती, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याचं कण्हणं थांबलं. तिचं दुखणं ओटीपोटात उतरलं.

पुढच्या खेपेला डॉक्टर आबेदा हताश झाल्या. "याही गोळ्या लागू पडेनात? दोन वर्षांपूर्वी रामबाण होत्या. असे पेशंट हल्ली वाढतच चाललेत." आपली भरती त्या पेशंटांत उगाच होतेय हे सुनीतीला कळत होतं, पण तोंड उघडायची छाती होईना.

त्यातच सासूबाईंना, मथुराबाईंना, दवाखान्याचा सुगावा लागला. "दोघं तपासून या," त्या म्हणाल्या. "तो निर्दोष निघाला तर हिने परत या घरात पाऊल टाकायचं नाही." ठणठणीत झालेला दीनानाथ ऐटीत स्कूटर काढून उभा राहिला. सुनीती मागे बसली. आईवडील कधीच गेले होते. या घराबाहेर तिला कोणी नव्हतं.

तपासणीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघून डॉक्टर म्हणाल्या, "यांच्यात काही नाही."

"मग हिला कुठून आलं, डॉक्टर?" दीनानाथने अगदी सभ्यपणे विचारलं.

सुनीतीचा बांध फुटला. "अहो, तुमच्याकडूनच आलं! माझ्या गोळ्या मी तुम्हाला घातल्या. रोज, च्यवनप्राशातून. मी एकही खाल्ली नाही हो!"

"तरीच कडू लागायचा," तो बोलून गेला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे दुखणं होतं तुम्हाला. हे घरी जाऊन सांगाल ना?"

दीनानाथने सुनीतीकडे पाहिलं. त्याला सगळं पटलं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. क्षणभर तिला वाटलं, सुटलो आपण. कितीही झालं तरी नवरा आहे आपला.

"माझा रिपोर्ट द्या," तो डॉक्टरांना म्हणाला. "आईला तेवढाच पुरेल."

कागद खिशात घालून तो दारापर्यंत गेला आणि वळला. "तू सावकाश बरी हो. घरी कोणी वाट बघत नाहीये."