प्राशावे

"'प्या, महाराज.' एकदा म्हणून तर बघा, काका," तरुण दिग्दर्शिका म्हणाली.

प्राशाव्यांनी पितळी प्याला दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकले आणि रिकाम्या सिंहासनाला म्हणाले, "प्या, महाराज."

तालमीच्या खोलीत हशा पिकला. सेनापती झालेला नट भिंतीला टेकून डोळे पुसू लागला. "काका, अहो, हे म्हणजे दोस्ताला 'घे रे अजून एक' म्हटल्यासारखं वाटतंय!"

प्राशावेही हसले.

ते काही त्यांचं आडनाव नव्हे. दिवसभर ते चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या बाजूला काचा घासत बसत. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मालकाचं. घरी बोलायला बायको खंबीर होती. केस काळे होते तेव्हा ते या हौशी मंडळींत शिरले आणि वाट्याला एक वाक्य आलं. दुसऱ्या अंकात राजा सिंहासनावर बसतो, सेवक प्याला पुढे करून म्हणतो, "प्राशावे, महाराज." संपलं. पण ते वाक्य त्यांनी जिवापाड सांभाळलं. 'प्रा' किंचित लांबवायचा, 'वे' अलगद सोडून द्यायचा. मंडळींनी त्यांचं नावच ते पाडलं. एकदा नाटकाच्या जाहिरातीतही तसंच छापून आलं, तेव्हा बायकोनं ती जाहिरात कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. वर म्हणाली, "चला, आमचेही कुणीतरी झाले!"

"मग राहू दे ना जुनंच," प्राशावे म्हणाले. "राजाला काय नुसतं 'प्या' म्हणायचं?"

"काका, शब्द गोडच आहे," दिग्दर्शिका त्यांच्याजवळ येऊन बसली. मुलगी हुशार होती आणि उर्मट नव्हती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नव्हतं. "पण त्याची गंमत बघा. मूळ संस्कृतात 'अश्' म्हणजे खाणं. त्यावरून प्राशन. मराठीत येता येता ते पिण्यावर आलं."

"म्हणजे मी इतकी वर्षं राजाला पाणी खा म्हणत होतो?"

पुन्हा हशा. या वेळी तीही हसली. "पूर्वी अमृत प्राशन करायचे, दूधसुद्धा प्राशन करायचे. आता बातम्यांत बघा. मद्य प्राशन, नाहीतर विष प्राशन. चहा कुणी प्राशन करतं का? मागच्या प्रयोगाला माझ्या पुढच्या रांगेतला गृहस्थ बायकोला म्हणाला, 'गेला हा, विष दिलं त्याला.' आपला राजा शेवटपर्यंत जगतो हो, काका! आणि लोक बसतात त्याच्या मरणाची वाट बघत."

प्राशाव्यांनी प्याला खाली ठेवला. कारण तिचं खरं होतं. शेवटी असं ठरलं, की वाक्यच नको. नुसता प्याला पुढे करायचा.

राजाचं काम करणारे दादा तालमीला नव्हते. मंडळींतले ते सगळ्यांत जुने नट. गुडघा दुखतोय, नाटक तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलंत तरी म्हणेन, असा त्यांचा निरोप होता. वाक्य काढल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा "बरं, बरं" म्हणाले.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दुसऱ्या अंकात प्राशावे ठरल्याप्रमाणे चालत गेले, वाकले, प्याला पुढे केला आणि तोंड मिटून उभे राहिले.

दादांनी हात पुढे केला नाही.

ते प्याल्याकडे बघत राहिले. मग प्राशाव्यांकडे. प्राशाव्यांनी त्या डोळ्यांत पाहिलं. समोर राजा नव्हताच. रस्ता चुकलेला एक म्हातारा बसला होता. दादा हल्ली एकच गोष्ट दोनदा विचारत, कालच्या माणसाला आज ओळखत नसत, हे सगळं त्यांना एकदम आठवलं. इतकी वर्षं 'प्राशावे' ऐकू आलं की दादांचा हात पुढे यायचा, पाणी पिऊन व्हायचं आणि ते लांबलचक भाषण सुरू व्हायचं. आज तो शब्दच आला नव्हता. दादांना पुढची वाट सापडत नव्हती.

सभागृह चिडीचूप.

"प्राशावे, महाराज," प्राशावे म्हणाले.

हात पुढे आला. दादा पाणी प्याले, प्याला परत दिला आणि भाषण धो धो सुरू झालं.

पडदा पडताच दिग्दर्शिका रंगपटात आली. दादा आरशासमोर मिशीचा डिंक काढत बसले होते.

"काका, काढलं होतं ना आपण ते? दादा काय सुंदर थांबले होते! अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. आणि त्यात तुम्ही...!"

दादांचा हात मिशीवरच थांबला. आरशातून त्यांनी प्राशाव्यांकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर प्राशाव्यांचं वाक्य परत आलं असतं आणि दादांचं राजेपण गेलं असतं.

"चुकलं माझं," प्राशावे म्हणाले. "जिभेला सवय लागलीय."

ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका काका, पण पुढच्या वेळेपासून प्याला चौरंगावरच ठेवू. दादा आपल्या हातानं घेतील."

ती गेल्यावर दादा हळूच म्हणाले, "पुढचं काही दिसतच नव्हतं रे."

"कळलं मला."

"मी बोलायला हवं होतं."

"राहू द्या हो. उगाच बोभाटा कशाला?"

घरी त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, की नाटकातलं काम संपलं. ती फणकाऱ्यानं म्हणाली, "त्यांनाच गरज नाही तर आपलं अडलंय कुठे!" आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

पुढच्या प्रयोगाला प्राशावे दुकानातून तसेच आले, शर्टाच्या बाहीवर काचेची पांढरी भुकटी घेऊन. मागच्या दारानं शिरले आणि सिंहासनाच्या बाजूच्या पडद्याआड, दादांच्या कानापासून हातभर अंतरावर उभे राहिले. दादा बसले. चौरंगावर प्याला होता. प्राशाव्यांनी श्वासाइतक्या आवाजात ते दोन शब्द उच्चारले, 'प्रा' किंचित लांबवून.

दादांनी प्याला उचलला.

नाटक संपल्यावर सगळे नट हात धरून पुढे गेले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राशावे पडद्याआडूनच टाळ्या वाजवत होते. इतक्या वर्षांत या नाटकाला त्यांनी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या होत्या.