माझ्याखाली लिलीचे नऊ कांदे आहेत

मी खडीखालचं काळं कापड बोलतोय. तुम्ही मला पाहिलं नसेल. पाहू नये म्हणूनच माझ्यावर चार बोटं खडी पसरतात. पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्याखाली कुणीतरी गुदमरतंय आणि त्याचा गळा दाबणारा मीच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकच्या काळ्या दोऱ्यांनी मला घट्ट विणलं, गुंडाळी केली आणि वर कागद चिकटवला: दहा वर्षं तण उगवणार नाही. पाणी खाली सोडायचं, उजेड सोडायचा नाही, एवढंच माझं शिक्षण. त्याचा मला भारी अभिमान होता. दुकानातल्या फळीवर शेजारच्या सुतळीकडे मी ढुंकूनही बघत नसे.

मला विकत घेतलं एका घरमालकाने. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. त्याच्या भाड्याच्या घरामागे लहानसं अंगण होतं. तिथे उभा राहून तो माळ्याला सांगत होता, "दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो. एक जण हौसेने गुलाब लावून जातो, दुसरा त्याला पाणी घालत नाही. मग मेलेली झाडं उपटायला मीच. असं अंगण करून द्या, की मला पुन्हा इकडे बघायला नको."

माळ्याने दंताळ्याने जमीन सारखी केली. मागच्या भिंतीशी दाते कशाला तरी अडकले. मातीने माखलेला, मुठीएवढा कांदा वर आला.

"साहेब, इथे लिली लावलेली दिसतेय," माळी म्हणाला. "आत्ता निजलेली असते, पानं नसतात. भाडेकरूंना विचारायचं का?"

"ते महिनाभर मुलाकडे गेलेत. मी फोन केला होता. बाई म्हणाल्या, खुशाल करा, आम्ही काही लावलेलं नाही. आधीच्या कुणाचं तरी असेल, द्या झाकून."

माळ्याला ते फारसं पटलं नसावं. त्याने कांदा पुन्हा होता तिथे ठेवला आणि वर माती दाबली. मग मला अंथरलं, कडेने वाकडे खिळे ठोकले, खडी ओतली. अंगण अगदी चकाचक झालं.

महिन्याने भाडेकरू परतले. एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसा त्यांचा संसार. हे त्यांचं सातवं भाड्याचं घर. प्रत्येक घर सोडताना शिंपी आपल्या लिलीचे कांदे उकरायचा, बिस्किटाच्या डब्यात भरायचा आणि नव्या घरी लावायचा. बायकोने माहेरून आणलेली भांडीसुद्धा त्याने इतकी जपली नसतील, असं ती हसून म्हणायची.

पहिल्याच सकाळी शिंपी अंगणात आला आणि जागच्या जागी थांबला.

"अगं, माझी लिली?"

"अहो, ती मागच्याच घरी राहिली. सामानात डबा रिकामा निघाला की."

"रिकामा निघाला कारण मी ती इथे लावली. तू तापाने पडून होतीस तेव्हा. नऊ कांदे, भिंतीलगत, दीड दीड वितीवर."

माझ्याखाली अगदी तसेच नऊ कांदे होते. अंतरही तेवढंच. पण बायकोने त्याच्याकडे बघितलं ते काळजीने. तिचंही काय चुकलं? हा माणूस कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा. चहा पिऊन झाल्यावर विचारायचा, आज चहा नाही का? त्याच्या शंभर गोष्टी चुकलेल्या असायच्या. ही एकशे एकावी बरोबर होती आणि ती त्याच ढिगात गेली.

मग रोजचंच सुरू झालं. सकाळी तो भिंतीशी गुडघ्यांवर बसायचा आणि हाताने खडी बाजूला करायचा. माझ्यापर्यंत पोचला की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत मला धरायचा, तेव्हा मला वाटायचं, सुटलो. कापडाला शिंप्याची बोटं कळतात हो. कापा ना मला, मी म्हणायचो. पण कापडाला आवाज असतो तो फक्त फाटताना.

"वीण चांगली आहे," तो स्वतःशी म्हणायचा. "पण दुसऱ्याचं कापड. विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही." चाळीस वर्षं त्याने हा नियम पाळला होता. सगळं विसरला तरी नेमकं हे विसरला नाही. तो खडी परत पसरायचा आणि बायकोला सांगायचा, मालकांना विचार. ती म्हणायची, "काय तोंडाने विचारू? मीच त्यांना सांगितलंय, आम्ही काही लावलेलं नाही म्हणून."

एका रविवारी मुलगा आला. बाप भर उन्हात गुडघ्यांवर, बोटं सोललेली. त्याने बापाला उठवलं, हात धुऊन दिले आणि आत नेलं. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या डोक्यावरच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"आई, हे असंच चालू द्यायचं? उद्या रस्ता उकरायला बसतील."

"नुसतं ते एकच धरून बसलेत रे. बाकी त्रास काही नाही."

"तेच डॉक्टरांना सांगू."

डॉक्टरांनी नवी गोळी दिली. बायको दोन्ही जेवणांनंतर स्वतःच्या हाताने ती द्यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तर इथे खडीखाली पसरलेला होता, दहा वर्षांच्या हमीसकट.

तीन आठवड्यांत शिंपी अंगणात यायचा थांबला. दारात खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसायचा, विचारायचा काहीच नाही. "बाबा शांत झाले," मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता. आणि त्याच आठवड्यात माझ्याखाली लिली जागी झाली.

पहिलं टोक मला टेकलं तेव्हा मी हादरलो. मग दुसरं, तिसरं, एका ओळीत नऊ. त्यांना वरचा उजेड हवा होता आणि उजेड अडवायला तर मला विणलेलं. ती टोकं ढकलायची, मी ताणला जायचो, खडीच्या वजनाने पुन्हा खाली दाबला जायचो. कोंब वाकले, माझ्या पोटाशी वेटोळी घालून पिवळे पडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्यांना दिवसचे दिवस देत होतो. एक धागा तरी तुटावा म्हणून मी किती धडपडलो. पण मला विणणाऱ्याने काम चोख केलं होतं. मला माझी लाज वाटते.

मग घर सोडायचं ठरलं. मुलगा दोघांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेणार होता. टेम्पो भरून झाला. कपड्यांची दोरी सोडायला बायको मागे आली आणि भिंतीशी तिचा पाय अडखळला. तिने वाकून बघितलं. खडीला उंचवटा आला होता. थोड्या अंतरावर आणखी एक. मग आणखी. ती आपली वीत टेकवत टेकवत भिंतीच्या टोकापर्यंत गेली आणि नऊ मोजून खाली बसली.

"अगं बाई," ती म्हणाली. "काय केलं मी हे."

तिने दोन्ही हातांनी खडी फेकली, नखांनी मला ओरबाडलं. मी फाटलो नाही. कात्री शिंप्याच्या पेटीत, पेटी टेम्पोत सगळ्यांत खाली. तिच्या हातात फक्त घराची किल्ली होती, मालकाला परत द्यायची. तिने तीच माझ्यात खुपसली, पिळली, पुन्हा खुपसली. एक भोक पडलं, बोट जाईल एवढं. आतला पिवळा कोंब उजेडात आला.

"आई, चल ना, टेम्पोवाला ओरडतोय," मुलाने हाक मारली.

शिंपी तिला शोधत मागे आला होता. तिने डोळे पुसले, त्याचा हात धरला आणि त्या कोंबावर ठेवला.

"अहो, तुमचं बरोबर होतं."

"कशाचं?" त्याने विचारलं.

तिने कोंब जरा वर ओढून दाखवला. त्याने मात्र माझं फाटलेलं टोक चिमटीत धरलं आणि जरा नाराजीने म्हणाला, "कापड चांगलं होतं. कुणी फाडलं?"

त्याला आता दहा दिवस झाले. घर रिकामं आहे. एक कोंब भोकातून वर आलाय आणि हिरवा होतोय. आठ अजून माझ्याखाली आहेत. परवा घरमालक येऊन बघून गेला. भोक पाहून फोनवर माळ्याला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या, ठिगळ लावा."

म्हणून तुम्हाला सांगतोय. माळी यायच्या आत कुणीतरी कात्री घेऊन या. मागची भिंत, दीड दीड वितीवर नऊ. मला उभा कापा, आडवा कापा, मला कापायला कुणाला विचारायला नको. कांदे काढा आणि बिस्किटाच्या डब्यात घालून त्या तिसऱ्या मजल्यावर पोचवा. दार म्हातारी उघडेल. डबा शिंप्याच्याच हातात द्या. तो विचारेल, हे कुणाचं? तर त्याला सांगा, तुमचंच आहे.