अंड्यांच्या कप्प्यातली तीन पेनं

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. ठाण्याला कोपरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात एकवीस वर्षं उभा आहे. फ्रीजला कसलं आलंय मन, असं म्हणाल. म्हणा बापडे. पण एक गोष्ट मला सुखाने गुरगुरूसुद्धा देत नाही.

सुहासिनीबाईंनी मला बोनसच्या पैशातून आणलं. दाराला कुंकू लावलं, डोक्यावर क्रोशाचं कव्हर घातलं. शेजारणी बर्फ मागायला यायच्या, तेव्हा माझा तोरा काय विचारता! पुढे पाय गंजले, दार नीट लागेना. सूनबाई स्वप्ना मला भंगारात घालायला निघाली होती. बाईंनीच थांबवलं.

मग बाईंचं मनगट मोडलं. ओल्या फरशीवर नुसता हात टेकला होता. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मशीनवर हाडं तपासली, ती ठिसूळ निघाली. ते म्हणाले, “गोळ्या हाडांची झीज थांबवतात. तुम्हाला नवं हाड भरणारं इंजेक्शन देऊ. दोन वर्षं, रोज एक. मात्र ते फ्रीजमध्येच ठेवायचं.”

अशी ती औषध भरलेली, पेनासारखी दिसणारी इंजेक्शनं, म्हणजे पेनं, माझ्याकडे आली. एक पेन अठ्ठावीस दिवस चालायचं. रोज सकाळी सात वाजता बाई माझं दार उघडायच्या, पोटाला टोचून घ्यायच्या, “चल गं बाई, लाग कामाला” असं औषधाला सांगायच्या आणि कॅलेंडरवर खूण करायच्या. पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

गणपतीला सगळे गावी निघाले. चालू पेन बाईंनी बर्फाच्या थर्मासात घेतलं. उरलेली तीन माझ्या अंड्यांच्या कप्प्यात ठेवून त्या रिक्षात जाऊन बसल्या. स्वप्नाने दूध, कोथिंबीर, नारळाची वाटी, सगळं काढलं.

“ही पेनं?” मुलगा संदेशने विचारलं.

“राहू दे. औषध आहे ते, दूध नाही नासायला.”

मला वास येऊ नये म्हणून तिने दारात फडकं अडकवलं. संदेशने मेन स्विच खाली ओढला. मी गप्प झालो.

दहा दिवस स्वयंपाकघर तापत होतं आणि पेनं माझ्या पोटात होती. मी काहीच करू शकलो नाही. परतल्यावर संदेशने आधी वर येऊन स्विच लावला. बाई गुडघे धरत मागून आल्या, तोवर मी गार व्हायला लागलो होतो. औषध दिसायला पाण्यासारखं स्वच्छ होतं.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने, रोज सकाळी सातला, बाई ते मेलेलं औषध टोचून घेत होत्या. “चल गं बाई, लाग कामाला.” मित्रांनो, ते शब्द अजून माझ्या कानात आहेत. दार उघडलं की मी घरघरायचो. त्या म्हणायच्या, म्हातारा झालाय बिचारा.

एका सकाळी अर्धी बादली उचलताना त्यांचा मणका दबला. औषध चांगलं असतं तरी दबला असता का? कोण जाणे. हाच प्रश्न मला खातो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, इंजेक्शन नियमित घेतलं का. घरी आल्यावर संदेशने विचारलं, “आई, खरं सांग, मध्ये मध्ये राहून गेलं ना?”

“रोज घेतलंय रे. खुणा बघ.”

“आम्ही रागावत नाही, आई,” स्वप्ना म्हणाली. “या वयात विसरायला होतं.”

बाई पट्टा बांधून खुर्चीत बसल्या होत्या. कॅलेंडरकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “खूण आधी करत असेन, आणि टोचायचं राहत असेल. माझंच चुकलं.”

मी जीव खाऊन घरघरलो. संदेशने उठून मला एक थाप मारली.

आता सहा महिन्यांनी एकदा दवाखान्यात नेऊन त्यांना दुसरं इंजेक्शन देतात. त्यांच्या हातात कुणी काही देत नाही. गॅस बंद केला का, हे त्या दोनदोनदा विचारतात. स्वतःवरचा त्यांचा विश्वासच उडाला, आणि तो कुठल्याच मशीनवर मोजत नाहीत.

मित्रांनो, गावाला जाताना स्विच ओढण्याआधी माझ्यासारख्याचं दार एकदा उघडून बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस “माझंच चुकलं” म्हणालं, तर तेवढ्यावर गप्प बसू नका. नीट चौकशी करा.